‘करमत नाही’ हे कुठल्या यादीत आहे?

महिन्यापूर्वीची गोष्ट. तिन्हीसांजेला आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन खाली आली आणि म्हणाली, "बाई, एवढं पाठ करून घ्याल का माझ्याकडून?" निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी हे वाक्य ऐकलं की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो. म्हटलं, बस. आण इकडे.

मुलगी गुणी आहे. वडील कशेळीतल्या फर्निचरच्या दुकानांचा माल टेम्पोने पोचवतात. घरात सगळे आगरी बोलतात. घरातली ही पहिली पदवीधर, मानसशास्त्र घेऊन मराठीतून बी.ए. झालेली. मीही मराठी माध्यमातूनच बी.ए., त्यामुळे तिच्यावर माझा जरा जास्त जीव. आता शनिवार-रविवार पूल ओलांडून ठाण्याला समुपदेशनाच्या पदविकेला जाते. (पूल ओलांडून हे लिहायला सोपं. बाळकुमपर्यंतच्या त्या गर्दीत तिचा अर्धा रविवार संपतो.)

गठ्ठ्यावर मथळा होता ‘परीक्षेसाठी महत्त्वाच्या संज्ञा’. तोही इंग्रजीत. मी संज्ञा मोजल्या, मास्तरकीची खोड. दोनशे बारा भरल्या. डावीकडे शब्द, उजवीकडे दोन ओळींची व्याख्या. ट्रान्स्फरन्स, काउंटर-ट्रान्स्फरन्स, प्रोजेक्शन, डिस्प्लेसमेंट, काँग्रुअन्स, अनकंडिशनल पॉझिटिव्ह रिगार्ड... मी शब्द उच्चारायचा, तिने व्याख्या म्हणायची. तिनं पहिल्या पंचवीस एका दमात म्हटल्या. स्वल्पविरामसुद्धा चुकला नाही. मग मी म्हटलं, "छान. आता हेच मराठीत सांग." ती माझ्याकडे बघतच राहिली. मग समजावणीच्या सुरात म्हणाली, "बाई, मराठीत विचारत नाहीत."

मंडळी, त्या चार शब्दांवर मी महिनाभर धुमसते आहे. म्हणून आज हे लिहायला बसले.

ही मुलगी उद्या कुणाशी बोलणार आहे? कशेळी, काल्हेर, पूर्णा इथल्या माणसांशी. गोदामात रात्रपाळी करणाऱ्या पोरांशी, भिवंडीत यंत्रमागावर उभं आयुष्य घालवलेल्या माणसाशी, दहावीत नापास झालेल्या आगऱ्याच्या मुलाशी, त्याच्या आईशी. कुणी मराठी बोलेल, कुणी उत्तर प्रदेशची हिंदी, कुणाच्या घरात तेलुगू असेल. त्यांतला एकही जण आत येऊन ‘मला अँक्झायटी आहे’ म्हणून बसणार नाही. तो म्हणेल, जीव घाबरा होतो. छातीत धडधडतं. डोकं जड झालंय. कशात मन लागत नाही. तिची स्वतःची आजी म्हणते, "मना काय सुचत नाय." या वाक्यांपैकी एकही त्या दोनशे बारांत नाही.

इंग्रजीशी माझं वैर नाही, आणि परिभाषेशी तर मुळीच नाही. परिभाषेशिवाय शास्त्र उभं राहत नाही, एवढं मलाही कळतं. व्याकरण शिकवताना मी ‘कर्ता’ आणि ‘कर्म’ हे शब्द घासूनपुसून घेतलेच की. माझं भांडण आहे ते शब्द कशाला शिकायचे हेच विसरलेल्या परीक्षेशी. डॉक्टरने ‘टायफॉइड’ म्हटलं तर बिघडत नाही, कारण पुढचं काम त्याचं औषध करतं. समुपदेशकाकडे औषध नाही, सुई नाही, यंत्र नाही. त्याच्या हातात फक्त बोलणं आणि ऐकणं. आणि आपण त्याचं हत्यार परीक्षेआधीच काढून घेतो!

एकच उदाहरण देते. मी विचारलं, "इगो म्हणजे काय?" तिनं इंग्रजी व्याख्या बिनचूक म्हटली. "मराठीत?" "अहंकार, बाई." झालं! फ्रॉइडचा इगो म्हणजे माणसाच्या आतला कारभारी. एकीकडे हवंहवंसं वाटणाऱ्याची ओढ, दुसरीकडे ‘असं करू नये’ असा दंडुका, बाहेर परिस्थिती, आणि या सगळ्यांचा मेळ घालत बसलेला तो. त्यात तोरा कुठला आला? पण आपल्या रोजच्या मराठीत ‘इगो’ म्हणजे तोराच. ‘त्याचा इगो दुखावला’, ‘तिला इगो फार’. म्हणजे या मुलीच्या डोक्यात एकाच शब्दाचे दोन कप्पे झाले, परीक्षेचा वेगळा आणि जगण्याचा वेगळा. दोन्हींची एकमेकांशी गाठच नाही. उद्या एखादी बाई येऊन म्हणेल, "नवऱ्याला इगो आहे," तेव्हा हिचा कुठला कप्पा उघडणार?

यात गंमत अशी की मूळ शब्द इंग्रजी नाहीतच. फ्रॉइडने जर्मनमध्ये लिहिलं, आणि साधे घरगुती शब्द वापरले. १९२३ सालच्या त्याच्या पुस्तकाच्या नावातच ते आहेत. त्याचा सरळ मराठी अर्थ ‘मी आणि ते’. लहान मूलही जो शब्द बोलतं तो ‘मी’. इंग्रजी भाषांतरकारांनी त्याला लॅटिनचा कोट चढवला आणि तो ‘इगो’ झाला. १९८० च्या दशकात ब्रुनो बेटेलहाइम या मानसशास्त्रज्ञाने यावर अख्खं पुस्तक लिहून तक्रार केली, की या भाषांतराने फ्रॉइडमधला माणूसच हरवला. आपण काय केलं? आपण त्या लॅटिनचं संस्कृत केलं. इदम्, अहम्, पराहम्. म्हणजे कोटावर शाल. मराठी पुस्तकात पराहम् आणि इंग्रजी यादीत सुपरइगो, यांच्यामध्ये आमची मुलगी अधांतरी.

आणि मुख्य शब्दाचं काय? समुपदेशन! मी आयुष्यभर मराठी शिकवली, संधी-समास सोडवले. या शब्दाच्या पोटात चक्क ‘उपदेश’ बसला आहे. तिच्या वहीत पहिल्याच पानावर पहिला नियम आहे, सल्ला देऊ नका, उपदेश करू नका. आणि पाटी काय लावायची? समुपदेशन केंद्र! तिनं आजीला हा शब्द समजावून सांगायचा प्रयत्न केला तेव्हा म्हातारीने विचारलं होतं, "म्हंजे कीर्तन का गो?" म्हातारीचं काय चुकलं?

आता कायद्याकडे वळते. हा भाग रुक्ष आहे, पण वगळता येत नाही, कारण खरी धास्ती इथेच आहे. अमेरिकेत समुपदेशकाला परवाना लागतो. १९७६ साली व्हर्जिनिया राज्याने सुरुवात केली, मग इतर राज्यांनी. आपल्याकडे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव घालावं लागतं. पण नुसत्या समुपदेशकाला? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ कोण याची व्याख्या आहे, तीत त्याचं नावच नाही. त्यामुळे आठ दिवसांचं शिबिर केलेलाही पाटी लावून मोकळा. ज्योतिषाची पाटी आणि समुपदेशनाची पाटी एकाच दारावर मी पाहिलेली आहे. मग २०२१ साली संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत वर्तन-आरोग्याच्या व्यवसायांत मानसशास्त्रज्ञ आले, समुपदेशकही आले. आणि त्याच कायद्यात देशभर एकसमान अंतिम किंवा परवाना परीक्षेची तरतूद आहे.

शिवाय २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला निदान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. शंभर! आमच्या बाजूला शंभर पटाची शाळा म्हणजे लहान शाळा. म्हणजे माणसं हजारोंनी लागणार. ती कुठून येणार? आमच्या वरच्या मजल्यावरूनच येणार. त्यांना परवाना देणारी परीक्षा जर दोनशे इंग्रजी शब्दांच्या पाठांतराची असेल, तर फाडफाड बोलणारे आत आणि ऐकता येणारे बाहेर, असं होणार नाही कशावरून?

हे अशक्य कोटीतलं मागणं नाही. डॉक्टर व्हायची प्रवेशपरीक्षा, ती ‘नीट’, मराठीसकट तेरा भाषांतून देता येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी दूरध्वनी सेवेवर, म्हणजे १४४१६ वर, वीस भाषांतून बोलता येतं. त्यात मराठीही आहे. फोन उचलणाऱ्याकडून मराठीची अपेक्षा आणि परीक्षा देणाऱ्याला मराठीची बंदी, हा कुठला न्याय? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी एकमेकांना निरोप पाठवले. मीही पाठवले. अभिजात भाषेत माणसाला रडता येतं, पण त्या रडण्याची परीक्षा देता येत नाही!

मराठीत हे होत नाही असं म्हणणाऱ्यांनी पुलापलीकडे ठाण्यात बघावं. डॉ. आनंद नाडकर्णींची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ १९९० पासून तिथे उभी आहे आणि त्यांनी मराठीतून किती लिहिलं आहे ते वाचकांना सांगायला नको. त्याआधीपासून कि. मो. फडके यांनी अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिसची विचारपद्धती मराठीत रुजवली. ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द पाहा. कुणाला अडतो? ‘विनाअट स्वीकार’ म्हटलं तर माझ्या कामवाल्या बाईंनाही कळतं. ‘बिनशर्त सकारात्मक आदर’ म्हटलं, तर युद्धानंतरचा तह वाटतो.

आता माझ्या भाचीची गोष्ट. ती न्यू जर्सीत असते आणि तिकडची परवाना परीक्षा पास झालेली आहे. दोनशे प्रश्न, सगळे पर्यायी. मी तिकडे गेले होते तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर, ओट्यावर, अगदी डब्यांवरही शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. (साखरेच्या डब्यावर ‘डिनायल’ होतं. मला मधुमेह आहे, त्यामुळे ते लक्षात राहिलं.) पाठांतर तिनंही केलं. पण तिचं शिक्षण इंग्रजी, तिच्याकडे येणारी बहुतेक माणसं इंग्रजी बोलणारी. तिथे ते शब्द निदान बोलण्याला लागून तरी असतात. तिचा एकदा रात्री फोन आला. "मावशी, ‘करमत नाही’ला इंग्रजीत काय म्हणायचं?" मुलाकडे कायमच्या राहायला गेलेल्या एका मराठी आजी तिच्याकडे यायच्या. सून चांगली, नातवंडं गोड, तक्रार काही नाही. फक्त करमत नाही. भाचीने ते इंग्रजीत समजावून सांगितलं, तर तिच्या वरिष्ठ बाईंनी नोंदीत लिहिलं ‘कंटाळा’.

कंटाळा म्हणजे करमत नाही नव्हे हो! कंटाळा कामाचा येतो. करमत नाही म्हणजे जागा आपली नाही, वेळ अंगावर येतो, कुणीतरी हवं असतं आणि कोण ते सांगता येत नाही. लग्न होऊन आलेल्या प्रत्येक मुलीला हा शब्द कळतो. भाचीला तो मराठी असल्यामुळे कळला, परीक्षेमुळे नव्हे. तिनं आजींना पुढचा प्रश्न विचारला, "तिकडे असतात तर आत्ता काय करत असतात?" आणि आजी पाऊण तास बोलल्या.

मग मीही हट्टाला पेटले. त्या दोनशे बारांसाठी आपल्याकडचे शब्द शोधायचेच म्हटलं. मुलगी म्हणाली, डिस्प्लेसमेंट. एकावरचा राग दुसऱ्यावर काढणं. मी टाळीच वाजवली. वड्याचं तेल वांग्यावर! रॅशनलायझेशन? कोल्ह्याला द्राक्षं आंबट. प्रोजेक्शन? चोराच्या मनात चांदणं. डिनायल? डोळे मिटून दूध पिणारी मांजर. ॲना फ्रॉइडने १९३६ साली मनाच्या या संरक्षण यंत्रणांवर पुस्तक लिहिलं. आमच्या आज्यांनी त्या आधीच जात्यावर दळून ठेवल्या होत्या, असं मी मोठ्या ऐटीत म्हणाले.

मुलगी जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "पण बाई, असं कुणाला तोंडावर म्हणायचं कसं? हे टोमणे आहेत."

मी चष्मा काढून ठेवला. बरोबर होतं तिचं. नापास झालेल्या मुलाला ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ म्हणणं म्हणजे कानाखाली वाजवणंच. आपल्या म्हणींना माणूस ओळखता येतो, पण ओळखला की त्या लगेच निकाल देतात. शास्त्राच्या शब्दाचं मोल हेच की तो निकाल देत नाही. तो नुसतं दाखवतो, की हे असं होतं, सगळ्यांचंच होतं. हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी तेविशीतल्या मुलीनं शिकवलं. म्हणून मी आता असं म्हणत नाही की इंग्रजी यादी फेका आणि म्हणी घ्या. दोन्ही शेजारी ठेवा. शब्द इंग्रजीत असू दे, मराठी प्रतिशब्द असू दे, त्याखाली माणसं हे प्रत्यक्षात कसं बोलतात ते असू दे. आणि मग परीक्षेत विचारा, "एक बाई म्हणते, हल्ली मी पोरांवर उगाच ओरडते. तुम्ही पुढे काय विचाराल?" तिथे पाठांतर चालणार नाही. तपासायला वेळ लागेल. लागू दे. आम्ही निबंध तपासले नाहीत का, साठ-साठ मुलांचे?

‘तुमचं मराठीप्रेम, दुसरं काय’ असं कुणी म्हणायच्या आत एक गोष्ट सांगते. ती मी घरच्यांनाही सांगितलेली नाही.

१९९१ साल असेल. नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. माझ्यापुढे वह्यांचा ढीग. ती म्हणाली, "बाई, मला घरी जावंसं वाटत नाही." मी मान वर न करता म्हटलं, "असं बोलू नये. आईवडील देवासारखे असतात. चाचणी जवळ आलीये, अभ्यासात मन घाल." ती "हो बाई" म्हणाली आणि गेली. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. पुढे कळलं, लग्न लावून दिलं. घरी जावंसं का वाटत नाही, हा एवढा साधा प्रश्न मी विचारला नाही. मी जे बोलले ते शुद्ध मराठीत होतं. आणि शब्दन् शब्द पाठ केलेलं होतं.

त्यामुळे पाठांतर म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. पाठ केलेलं वाक्य समोरच्याचं बोलणं संपवतं, मग ते कुठल्याही भाषेत असो. फरक इतकाच, की मराठीतलं पाठांतर एखादी चुणचुणीत मुलगी पकडू शकते, ‘बाई, हे टोमणे आहेत’ म्हणून. इंग्रजी पाठांतरावर ती बोट कसं ठेवणार? तिला त्यात शिरताच येत नाही.

काही जण म्हणतील, बाई, आधी परीक्षा तर येऊ दे, मग भाषेचं बघू. नाही. आपल्या राज्यात ‘मग बघू’चं काय होतं ते मला ठाऊक आहे. एकदा प्रश्नपेढी इंग्रजीत तयार झाली, शिकवण्या इंग्रजीत निघाल्या, गाइडं छापली गेली, की मराठी मागणारा अडाणी ठरतो. भाषा संचालनालय १९६० पासून आहे. त्याने शास्त्राशास्त्रांचे परिभाषा कोश काढले, मोठं काम केलं. पण कोशातला शब्द परीक्षेत आला नाही तर तो कपाटात राहतो. आत्ताच विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांनी, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी आणि हो, गावोगावच्या आशाताईंनीही एकत्र बसून ही यादी करायला हवी. आशाताईंना मी मुद्दाम घेतलं आहे. ‘जीव घाबरा होतो’च्या मागे काय काय असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

तोपर्यंत आमचं दोघींचं चालू आहे. रोज संध्याकाळी पाच शब्द. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे आणि ती इंग्रजीतच द्यायची आहे, त्यामुळे व्याख्या पाठ करणं सुटलेलं नाही. मी तिला त्यात सूट देत नाही. पण प्रत्येक शब्दाखाली ती आता वहीत तीन ओळी लिहिते. मराठी शब्द, घरात हे कसं म्हणतात, आणि त्यावर आपण काय विचारायचं. मधली ओळ पुष्कळदा तिची आजी पुरवते. ‘काँग्रुअन्स’ला सुसंगती हा पुस्तकी शब्द मला बेचव वाटत होता. आजीला समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "आत येक न् बाहेर येक नसाचा." लिहून घेतलं.

सत्तेचाळीस शब्द झालेत. कालपासून आम्ही ‘बाउंड्री’वर अडलो आहोत. आपण कुठे थांबायचं आणि दुसऱ्याला कुठे थांबवायचं, असा तो अर्थ. कुणाला बरा शब्द सुचला तर जरूर कळवा. फक्त ‘मर्यादा’ नको. मुलींना मर्यादा शिकवून आम्ही आधीच पुष्कळ करून ठेवलं आहे.